ब्रिटनशी करार झाला, आता आपल्या टेंडरमध्ये कोण येणार?

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या एका उद्योजक ताईंनी विचारलं आहे: "आमचा फायबरच्या लहान बोटी आणि बोया (समुद्रात वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) बनवण्याचा कारखाना आहे. मेरीटाइम बोर्ड, सागरी पोलीस, एखादं बंदर, कधी दीपस्तंभ खातं, असे आमचे खरेदीदार. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी जो व्यापार करार झाला, त्यात सरकारी खरेदीचं अख्खं प्रकरण आहे असं वाचलं. आता ब्रिटिश कंपन्या आमच्या टेंडरात बोली लावणार का? आमची लघुउद्योगाची सवलत जाणार का? आणि उलट, आम्हाला तिकडच्या सरकारला माल विकता येईल का?"

ताई, आधी थेट उत्तर देतो. तुम्ही आज ज्या आकाराची टेंडरं भरता, त्यांत ब्रिटिश कंपनी समोर येईल ही भीती सोडून द्या. लघुउद्योगाची सवलत या कराराने जात नाही. आणि तिकडे माल विकता येईल, पण सुरुवात थेट सरकारला विकण्यापासून होणार नाही. मात्र तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेलीच नाही: तुमच्या मालात परदेशी भाग किती टक्के आहे? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान कारखान्यांची टेंडरं तयार करून देणं हेच माझं काम, आणि करारामुळे कोण आत येतं यापेक्षा त्या एका टक्केवारीवर इथल्या कारखान्यांच्या ऑर्डरी जास्त अवलंबून असतात, हे मी सतत पाहतो. तिथे सावकाश येऊ. आधी पाया.

व्यापार करार झाला की सगळा बाजार उघडला, असा आपल्याकडे समज आहे. सरकारी खरेदीत गोष्ट उलटी आहे. परदेशी मालाला देशी मालासारखीच वागणूक द्यायची, असं १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापार कराराचं तिसरं कलम सांगतं. त्याच कलमाचं आठवं पोटकलम सरकारने स्वतःच्या कामासाठी केलेली खरेदी त्यातून वगळतं. सेवांसाठी गॅट्स करार झाला, त्यातही तेराव्या कलमाने तीच सूट ठेवली. म्हणजे सरकार स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेत असेल, पुढे विकण्यासाठी नव्हे, तर ते आपल्याच लोकांकडून घेऊ शकतं. दार बंद हा नियम. ते उघडायचं तर प्रत्येक देश स्वतः सही करतो आणि कोणत्या खात्यांसाठी, किती रकमेच्या वर उघडलं, याची यादी जोडतो.

जागतिक व्यापार संघटनेत सरकारी खरेदीचा स्वतंत्र करार आहे, त्याला जीपीए म्हणतात. तो १ जानेवारी १९९६ ला लागू झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती ६ एप्रिल २०१४ पासून. संघटनेच्या सगळ्या सभासदांवर तो बंधनकारक नाही, सही केलेल्यांवरच आहे. अमेरिका, जपान, युरोपीय संघ, ब्रिटन त्यात आहेत. भारत २०१० पासून निरीक्षक आहे. सही केलेली नाही. मला विचाराल तर हे शहाणपणाचंच झालं. लहान कारखान्याला पहिली मोठी ऑर्डर, पहिलं कामपूर्तीचं प्रमाणपत्र बहुतेक वेळा सरकारी खात्याकडूनच मिळतं. तो जिना कारखाने उभे राहण्याआधीच जगाला वाटून टाकला असता, तर आज मिरजोळ्यात, कुडाळात, लोट्यात जे साचे आणि लेथ चालू आहेत त्यातले बरेच दिसले नसते.

आपण दुसरी वाट धरली, एकेका देशाशी बोलून थोडं थोडं उघडण्याची. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ ला लागू झाला. त्यात पहिल्यांदा केंद्राच्या खरेदीत परदेशी बोलीदाराला ठोस जागा दिली गेली, पण २०० कोटी रुपयांच्या वरच्या कामांनाच. ब्रिटनचा करार याच्या पुष्कळ पुढे जातो. ब्रिटिश सरकारच्या अंदाजाने त्यांच्या कंपन्यांसाठी वर्षाला सुमारे ४०,००० टेंडरं उघडतात, किमान ३८ अब्ज पौंड किमतीची. आकडा ऐकून छातीत धस्स होणं साहजिक आहे. म्हणून करार उघडलात की मधली भाषणासारखी कलमं सोडा आणि सरळ खरेदी प्रकरणाच्या जोडपत्रावर जा. सगळं तिथे आहे.

जोडपत्रात पहिल्यांदा खरेदीदाराचं नाव शोधायचं. करार केंद्राच्या खात्यांपुरता आणि यादीतल्या केंद्रीय संस्थांपुरता आहे. राज्य सरकारं आणि स्थानिक संस्था त्यात नाहीत. तुमच्या खरेदीदारांपैकी मेरीटाइम बोर्ड, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय विभाग, जिल्हा परिषद ही सगळी राज्याची मंडळी. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या टेंडर संकेतस्थळावर, तुम्ही जे भरता त्याला हा करार शिवतही नाही. दीपस्तंभ महासंचालनालय, कस्टम्स, जवाहरलाल नेहरू बंदर, कोकण रेल्वे ही केंद्राकडची नावं. ती एकेक करून यादीत तपासायची. अंदाजाने "असेल" म्हणून चालायचं नाही.

दुसरं, रक्कम. अशा करारांत मर्यादा एसडीआरमध्ये देतात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, एकाची किंमत शंभर रुपयांच्या वर. जीपीएत बहुतेक देशांची केंद्रीय खात्यांच्या वस्तू-खरेदीची मर्यादा १,३०,००० एसडीआर आहे आणि बांधकामाची ५० लाख एसडीआर. म्हणजे वस्तूंसाठीच ती सव्वा कोटी रुपयांच्या पुढे जाते. ब्रिटनच्या करारात आपल्या बाजूची मर्यादा याहून वरची आहे. तुमची एक-दोन बोटींची किंवा दहा-पंधरा बोयांची ऑर्डर तिच्या जवळपासही जात नाही.

इथे एक खाचखळगा मात्र आहे आणि त्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. मर्यादा मोजताना एका खेपेचं बिल धरत नाहीत, पूर्ण कराराची किंमत धरतात. चार बंदरांची तीन वर्षांची बोयांची गरज एकत्र करून एकच रेट कॉन्ट्रॅक्ट (ठरलेल्या दराने लागेल तसा माल घेण्याचा करार) काढलं, तर तोच तुमचा बोया मर्यादेच्या पलीकडे जातो. वर उलाढालीची अट अशी पडते की तुम्ही बोलीच लावू शकत नाही. मला ब्रिटिश बोलीदारापेक्षा या एकत्रीकरणाची काळजी जास्त वाटते. असं टेंडर दिसलं तर बोली भरण्याआधीच्या, प्री-बिड बैठकीला जा आणि बंदरनिहाय भाग पाडून मागा. लेखी मागा, कारण तोंडी मुद्द्याला उत्तर मिळत नाही आणि कॉरिजेंडम, म्हणजे टेंडरचं दुरुस्तीपत्रक, निघत नाही.

आता सवलत. २०१२ च्या आदेशाप्रमाणे केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. २०१८ मध्ये तो २० वरून २५ टक्के झाला, आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. तुमच्या उद्यम नोंदणीत मालकी तुमच्या नावावर आहे ना, हे म्हणूनच पाहून घ्या. ३५८ वस्तू पूर्ण राखीव आहेत. तुमचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल आणि तुम्ही त्या दराला उतरलात, तर ऑर्डरीचा वाटा मिळतो. बयाणा रक्कमही भरावी लागत नाही. हे सगळं करारात सुरक्षित ठेवलं आहे. फक्त हा लाभ स्वतः माल बनवणाऱ्याला आहे, आणून विकणाऱ्याला नाही, हे विसरू नका.

आता ती टक्केवारी.

१५ जून २०१७ ला केंद्राने मेक इन इंडिया खरेदीचा आदेश काढला आणि १६ सप्टेंबर २०२० ला तो कडक केला. त्यात पुरवठादाराचे तीन वर्ग आहेत. मालातला स्थानिक भाग ५० टक्के किंवा जास्त, तर पहिला वर्ग. २० ते ५० च्या मधला दुसरा वर्ग. २० पेक्षा कमी, तर बिगर-स्थानिक. २०० कोटींपर्यंत जागतिक टेंडर काढायचं नाही असा वित्त विभागाचा नियम असल्याने बिगर-स्थानिक पुरवठादाराला खालच्या टेंडरांत प्रवेशच नाही. पसंती मिळते ती फक्त पहिल्या वर्गाला. सर्वांत कमी दर दुसऱ्या वर्गाच्या बोलीदाराचा असेल आणि तुम्ही पहिल्या वर्गात, त्याच्या दराच्या २० टक्क्यांच्या आत असाल, तर त्याच दराला अर्धा माल तुम्हाला मिळू शकतो. ऑर्डर विभागता येत नसेल, तर दर जुळवून पूर्ण ऑर्डरही.

ब्रिटनच्या कराराने नेमकं या वर्गवारीत बोट घातलं आहे. करारात बसणाऱ्या टेंडरांत, ज्या ब्रिटिश मालात किमान २० टक्के भाग ब्रिटनचा आहे, त्याच्या पुरवठादाराला दुसऱ्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार मानायचं ठरलं आहे. पहिला वर्ग त्यांना दिलेला नाही. ज्या वस्तूंसाठी देशात पुरेशी क्षमता आहे असं मंत्रालयाने कळवलं आहे, त्या पहिल्या वर्गाकडूनच घ्यायच्या असतात.

आता तुमची बोट घेऊ. समजा एका गस्ती बोटीची किंमत करांशिवाय ३० लाख. मागे बाहेरून टांगायची, आयात केलेली दोन आउटबोर्ड इंजिनं, सीमाशुल्कासह १३ लाख. जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ, रडार मिळून ३ लाख, तेही आयात. बाहेरून आलेला माल १६ लाख झाला, स्थानिक भाग उरला १४ लाख, म्हणजे सुमारे ४७ टक्के. साचा तुमचा, कामगार तुमचे, बोट भाट्याच्या खाडीत उतरवून चाचणी तुम्ही घेणार, आणि तरी कागदावर तुम्ही दुसऱ्या वर्गात. कोचीन किंवा गोव्याच्या एखाद्या कारखान्याने ५१ टक्के दाखवले की पसंती त्याची. आणि उद्या मोठ्या टेंडरात ब्रिटिश कंपनी आली, तर तुम्ही दोघे एकाच बाकावर. तुमचं नुकसान कराराने केलेलं नसेल, इंजिनाने केलेलं असेल.

आणखी एक गोष्ट नीट पाहा. वर मी राळ आणि ग्लास मॅट पूर्ण देशी धरली. भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली मॅट चीनहून आलेली असेल, तर बिल भारतीय असलं तरी माल आयातच मोजायचा. वाहतूक, विमा, बसवणी, देखभाल यांचे पैसे स्थानिक भाग म्हणून दाखवता येत नाहीत, असं उद्योग खात्याने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. खोटं प्रमाणपत्र दिलं तर दोन वर्षांपर्यंत टेंडरबंदी. १० कोटींच्या वरच्या खरेदीत लेखापरीक्षकाचं किंवा सीएचं प्रमाणपत्र लागतं, त्याखाली स्वतःचं चालतं. पण तक्रार झाली की तुमच्या कागदावर तुम्हीच अडकता. म्हणून बिलं वेगळी ठेवा.

उपाय आहेत. बोटीचा आराखडा परवानगी देत असेल तर देशात बनलेलं, बोटीच्या आत बसणारं इनबोर्ड डिझेल इंजिन बसवा आणि इंजिन बनवणाऱ्याकडून त्याच्या स्थानिक भागाचं पत्र घ्या. आउटबोर्डच हवं असेल, तर हल (बोटीचं धड) आणि इंजिन वेगळे बाब-क्रमांक करावेत, असं प्री-बिडमध्ये सुचवा. उथळ खाड्यांत आउटबोर्ड लागतं हे खरंच आहे, त्यामुळे खात्यातला अभियंता हा मुद्दा समजून घेतो. बोयांमध्ये तुमची अडचण नाही. दिवा आयात असला तरी बोयाचं कवच, साखळी, सिंकर (तळाशी टाकायचं वजन) सगळं इथलं. तुम्ही आरामात पहिल्या वर्गात आहात.

या वर्गवारीत मालकी कोणाची हे पाहत नाहीत, माल कुठे बनला हे पाहतात. परदेशी कंपनीचा भारतातला कारखाना ५० टक्क्यांच्या वर गेला की तो पहिल्या वर्गात येतो, आणि हे कोणत्याही कराराशिवाय आजही चालू आहे. याचा दुसरा अर्थ तुमच्या फायद्याचा. ज्या ब्रिटिश कंपनीला इथे पसंती हवी, तिला इथे बनवणारा हात लागेल. नौकानयनाची साधनं, लहान पायलट बोटी यांत अशी विचारणा कोकणात येऊ शकते. आली तर घाईने सही करू नका. साचा कोणाचा, ड्रॉइंग कोणाकडे राहणार, करार मोडला तर साचा कुठे जाणार, हे आधी ठरवा. बाहेर पाठवलेलं तंत्रज्ञान-शुल्क आणि रॉयल्टी स्थानिक भागात धरत नाहीत, तेही दरात मोजा.

मच्छीमारांना अनुदानावर मिळणाऱ्या बोटींचा मामला वेगळा आहे. बोट मच्छीमार घेतो, सरकार मदत देतं. ती सरकारची खरेदी नव्हे. हा फरक किती महागात पडतो ते सौर प्रकरणात दिसलं. राष्ट्रीय सौर मिशनमध्ये सरकार वीज विकत घेत होतं आणि प्रकल्पांना अट होती की सौर सेल भारतीयच वापरा. अमेरिकेने २०१३ मध्ये तक्रार केली आणि २०१६ मध्ये अपिलातही भारत हरला. सरकार खरेदी करतं ती वीज आणि अट घातली ती सेलवर, म्हणून गॅटची सरकारी खरेदीची सूट लागू होत नाही, असा निकाल आला. देशी उत्पादकाला थेट अनुदान देणं त्याच आठव्या पोटकलमात चालतं. अनुदान घेणाऱ्याला "देशी इंजिनच घे" म्हणणं तिथे बसत नाही. म्हणून अशा योजनेत देशी बोटीची सक्ती कायम राहील असं धरून नवा साचा टाकू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण परदेशी कंपन्या कोकणच्या मोठ्या कामांत कशा आल्या ते पाहण्यासारखं आहे, कारण त्या व्यापार कराराच्या दाराने आल्याच नाहीत. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला, न्हावा-शेव्याकडे उतरणारा अटल सेतू जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जातून झाला. कर्ज देणाऱ्याचे खरेदी नियम आले, आणि लार्सन अँड टुब्रोबरोबर जपानची आयएचआय, टाटा प्रोजेक्ट्सबरोबर कोरियाची देवू अशा जोड्या बसल्या. जैतापूरला फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीच्या सहा अणुभट्ट्यांची, ९,९०० मेगावॉटची चर्चा दोन सरकारांमधल्या समझोत्यावर चालली आहे. तिथे तुम्हा-आम्हाला दिसेल असं टेंडर नव्हतं. दाभोळला १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी राज्य वीज मंडळाने स्पर्धात्मक बोलीशिवायच सामंजस्य करार केला. १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, मग नव्याने वाटाघाटी झाल्या, आणि २००१ मध्ये तो बंद पडला. गुहागर तालुक्याने त्याची किंमत मोजली. तिथे कंपनी परदेशी होती हा माझा आक्षेप कधीच नव्हता. बोली मागवली नाही, दर कोणाशी ताडून पाहिला नाही, हा होता. ब्रिटनच्या करारातला मला आवडलेला भाग म्हणूनच पारदर्शकतेचा आहे: टेंडरची सूचना जाहीर करा, पुरेशी मुदत द्या, निकाल कळवा, तक्रारीला दाद द्या. ती शिस्त केंद्राच्या खात्यांत मुरली तर सर्वांत जास्त उपयोग लहान पुरवठादारालाच होईल.

पालघरमधलं वाढवण बंदरही नजरेत ठेवा. जून २०२४ मध्ये मंजुरी मिळालेलं, ७६,२२० कोटींचं काम, ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के मेरीटाइम बोर्डाचा. त्याची मुख्य कामं तुमच्या आवाक्याबाहेरची आहेत, पण बोया, कामाच्या बोटी, फेंडर (धक्क्याला बसवायच्या गाद्या) हे मुख्य ठेकेदार बाहेरूनच घेईल. ठेकेदार खासगी असला की ती त्याची खरेदी होते. तिथे तुमची सवलत आपोआप लागत नाही, दर आणि वेळ दोनच गोष्टी चालतात.

शेवटी तिकडची बाजू. ब्रिटनचा नवा खरेदी कायदा २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे आणि मोठी टेंडरं 'फाइंड अ टेंडर' या एकाच ठिकाणी येतात. नोंदणी करून ठेवा आणि सहा महिने नुसतं वाचा: कोण बोया घेतं, कोण कामाच्या बोटी घेतं, काय प्रमाणपत्रं मागतात. कराराचा अंमल सुरू झाला की त्यात बसणाऱ्या टेंडरांत भारतीय पुरवठादार म्हणून तुम्हाला बाजूला काढता येणार नाही. हा हक्क आधी नव्हता. पण हक्क मिळाला म्हणून बोट पास होत नाही. तिथे कामाच्या बोटींना वर्कबोट कोड ही सुरक्षेची नियमावली पाळावी लागते, बोयांना आयाला या दीपस्तंभ-बोयांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशी, शिवाय दायित्व विमा आणि दुरुस्तीसाठी जवळचा माणूस. मिरजोळ्याहून हे सगळं एकदम उभं राहणार नाही. तिथल्या पुरवठादाराला बोयाची कवचं करून देण्यापासून सुरू करा. कवच हलकं असतं पण जागा फार खातं, कंटेनरचं भाडं मालाला भारी पडतं. म्हणून दोन भागांत मोल्ड करून तिकडे जोडता येईल असा आराखडा आधी करून बघा. तो जमला तर दर टिकेल.

पुढची केंद्राची बोली जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर भरण्याआधी बोटीचा खर्चाचा तक्ता घ्या, आयात मालाच्या बिलांचा वेगळा रकाना करा आणि तुमच्या सीएकडून टक्केवारी काढून घ्या. ती ५० च्या खाली असेल तर बोली भरायच्या आधी इंजिनाचा निर्णय करा. आणि चाचणीची तारीख जून-जुलैत येत असेल तर प्री-बिडमध्येच पावसाळ्यानंतरची मागा. समुद्र बंद असताना दंड लागू नये, हे तुम्ही मागितल्याशिवाय कोणी लिहून देणार नाही.